कागदाचे मजले

आबांच्या लेखी कागद दोनच प्रकारचा. एक जपायचा आणि दुसरा कापायचा. जपायचा कागद लोखंडी पेटीत असे : सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, शनिमाहात्म्याची पोथी, चुलत आजोबांची पलटणीतून आलेली दोन पत्रं. कापायचा कागद आढ्याला टांगलेल्या सुरळ्यांत : पतंगी, घोटीव, चमकी, बेगड. पेटीतल्या कागदांवरून आमच्या घराचा इतिहास लिहायला बसलं तर पाऊण पान भरेल, आणि त्यातलं अर्धं पान कर्जाचं असेल. कापलेल्या कागदाचा तर एकही तुकडा घरात उरलेला नाही. तरी लहानपणी ओसरीवर जे जे ऐकलं ते बहुतेक या न उरलेल्या कागदाभोवतीचं होतं.

आमचं गाव घाटावर, देऊळगाव राजाहून सिंदखेडराजाकडे जाताना रस्त्यापासून बरंच आत. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा की घाटाखालचा हे आधी विचारतात, बाकी चौकशी मागाहून. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर. आजी नांदुऱ्याकडची. तिची बोली शेवटपर्यंत ‘मले-तुले’चीच राहिली आणि घाटावरच्या माणसांना सजावट कळत नाही हे मतही तेवढंच पक्कं राहिलं. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती स्वतः माजघरात झालरी कापत बसे. कागदाच्या घड्या घालायच्या, शिवणाच्या कात्रीने नख्या नख्या काढायच्या, उलगडलं की कमळांची रांग. “तुह्या आबाले बैलाचं बाशिंग जमते, लक्ष्मीचं मखर नाही जमत,” असं ती मला आबांच्या देखत सांगे. आबा ऐकू न आल्यासारखं करत.

बैलाचं बाशिंग मात्र आबांना खरंच जमे. पोळ्याच्या आधी आठवडाभर आमच्या ओसरीवर बेगडाचा चुरा पडलेला असे. नवरदेवाचं बाशिंग ते करत नसत, ते जिनगराकडून यायचं. जिनगर मुळात घोड्याच्या खोगिराचे कारागीर. घोडदळं गेली, खोगिराला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी बाशिंग, मखर, गणपती असं जे हाताला येईल ते धरलं. आबा हे फार आदराने सांगत. पण त्यांचा सगळा जीव ताबुतात होता. आमच्या घरचा ताबूत नवसाचा. आबांच्या आधीची तीन मुलं गेली, मग पणजोबांनी मोहरमच्या सवारीपुढे लोटांगण घालून नवस बोलला आणि आबा जगले. तेव्हापासून दर मोहरमला आमच्या ओट्यावर कागदाचे तीन मजले उभे राहत. आबा बारा वर्षांचे होईपर्यंत त्या दहा दिवसांत त्यांच्या गळ्यात रंगीत नाडे घालून त्यांना फकीर करत, आणि ते पाच घरं मागून आणत. कुणब्याचं पोर, पाटलाच्या घरचं. गावात कुणाला त्यात वावगं वाटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

इथे जरा मागे जायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला हे नवल वाटतं. आमच्या तालुक्याच्या गावी, सिंदखेडला, लखुजी जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाऊ जन्मल्या. ज्यांच्याशी त्यांचं लग्न झालं त्या शहाजींचं नाव नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवलं आणि धाकट्या भावाचं शरीफजी, अशी परंपरा सांगते. म्हणजे पिराला नवस बोलण्यात आमचे पणजोबा काही नवं करत नव्हते. पुढे १७२४ साली याच भागात साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं. हैदराबादच्या निजामशाहीचा पाया त्या लढाईत पडला, आणि जिंकलेल्या गावाला फतेहखेर्डा म्हणू लागले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं तरी हैदराबादचं वळण इथल्या सणांतून गेलं नाही. पुण्यात १८९३-९४ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला आणि ताबुतांपुढची हिंदूंची गर्दी ओसरली. ती लाट आमच्या गावात फार उशिरा आणि फार पातळ होऊन पोचली.

ताबूत म्हणजे करबल्यात मारल्या गेलेल्या इमाम हुसेनांच्या कबरीची आठवण. इसवी सन ६८० ची गोष्ट, इराकातल्या वाळवंटातली. ती आमच्या ओट्यावर बांबूच्या कामट्या आणि कागद यांनी उभी राही. कामट्या सुतळीने बांधून सांगाडा करायचा. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, तिच्यात उंदीर-किडीसाठी चिमूटभर मोरचूद. कागदाचे आठ-दहा ताव एकावर एक रचायचे, सरकू नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांनी टोचून धरायचे आणि लिंबाच्या ओंडक्यावर ठेवून लहान छिन्नीने जाळी पाडायची. जाळीमागे दुसऱ्या रंगाचा कागद लावला की नक्षी उठते. घुमटाला अभ्रकाचे पत्रे. आत दोन छोट्या तुरबती : हसन यांना विष दिलं म्हणून हिरवी, हुसेन यांचं रक्त सांडलं म्हणून लाल. कत्तलच्या राती, म्हणजे दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, आत दिवा ठेवला की भिंतीवर, समोरच्या लिंबावर, माणसांच्या तोंडावर सगळीकडे कागदाची जाळी पडे. कापलेला भाग दिसायचा तो असा, उजेड होऊन. दहाव्या दिवशी ताबूत खांद्यावर घेऊन खडकपूर्णेवर न्यायचा आणि थंडा करायचा. दोन महिन्यांचं काम पाण्यात दोन घटका टिकत नसे.

छिन्नी चालवायचे ते चाचा. आबा त्यांच्या हाताखाली. चाचांचं घराणं मोगलाईतलं. आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणत. जालना, जाफराबाद, भोकरदन हे सगळं मोगलाईत आणि आम्ही इंग्रजीत. मध्ये शिव होती, नाकी होती, पण ताबुताचे कारागीर, भांड्यांचे कल्हईवाले, वाजंत्री यांना ती शिव फार जाचत नसे. चाचांचे वडील दरसाल मोहरमच्या आधी यायचे आणि सफर महिना लागला की परतायचे. त्यांचं म्हणणं, आपण मूळचे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्या लोंढ्यात कागद करणारेही आले आणि कागजीपुऱ्यात राहिले, असं तिकडे सांगतात. चाचांच्या पूर्वजांनी खरंच तिथे लगदा कुटला की नाही कोण जाणे. पण आपलं मूळ सांगताना माणूस राजाचं नाव न घेता कागदाचं घेतो, हे मला आवडलं.

१९४८ ची गोष्ट आबा फार सावकाश सांगत. त्या वर्षी उन्हाळ्यापासून शिवेपलीकडून रझाकारांच्या भीतीने माणसं आमच्याकडे येत होती. गाई-बैल, जाती, भांडी बैलगाडीत घालून आलेली कुटुंबं मारुतीच्या देवळात, पाटलांच्या गोठ्यात उतरली होती. सप्टेंबरात फौजा हैदराबादेत शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली, आणि भीतीने दिशा बदलली. आता तिकडची मुसलमान माणसं निघाली. एका रात्री चाचांचे वडील बायको, तीन मुलं आणि छिन्न्यांची पिशवी घेऊन आमच्या मागच्या दाराशी आले. गावात एका टोकाला रझाकारांना भिऊन आलेले आणि दुसऱ्या टोकाला रझाकारांवरच्या रागाला भिऊन आलेले. दोघांच्या चुली आमच्याच पाटीतल्या पिठावर. त्या वर्षी मोहरमचा दहावा दिवस नोव्हेंबरात होता, म्हणजे दोन महिनेही गेले नव्हते.

ताबूत बसवायचा की नाही यावर चावडीत बैठक झाली. कुणी मोठ्याने बोललं नाही. देवळात उतरलेल्या एका म्हाताऱ्याचा मुलगा तिकडे मारला गेला होता. तो एवढंच म्हणाला, की वाजवू नका. पणजोबांनी मान्य केलं. नवस चुकवायचा नाही आणि वाजवायचं नाही, असं ठरलं. त्या साली ताबूत निघाला तो ढोल-ताशाशिवाय, आणि दोनच मजल्यांचा.

दोनच मजले का, याची आमच्या घरात दोन उत्तरं आहेत. चाचा सांगत, वडिलांनी तिसरा मजला मुद्दाम केला नाही. “आधा घर उधरिच रह गया ना बेटा, तो पूरा कैसा बनाना?” हे सांगताना त्यांचा आवाज जाई. आबा मात्र म्हणत, “कागदच नव्हता, माय. खामगावला जाऊन आणायची कुणाची छाती होती?” खामगाव म्हणजे कापसाची पेठ, १८७० साली जलंबहून तिथे रेल्वेचा फाटा आला आणि कापूस बाहेर जाऊ लागला तसा मुंबईचा माल आत येऊ लागला. आमचा रंगीत कागद तिथलाच. मला आबांचं पटतं. चाचा तेव्हा आठ वर्षांचे होते. त्या वयात पाहिलेल्या उणिवेला पुढे अर्थ चिकटतो. पण चाचांचं उत्तर खोटं ठरवायचीही माझी इच्छा नाही. पुढची पन्नास वर्षं हा माणूस तीन मजले कापत राहिला, ते त्याच उत्तरावर.

दुसरी गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची. तिच्यात रडण्याइतकंच हसण्यासारखं आहे. १९७३ च्या फेब्रुवारीत मोहरम आला तेव्हा गावात सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी चालू होती. आबा, चाचा दोघंही खडी फोडायच्या कामावर. रंगीत कागदाला पैसा कुठला? शाळेतल्या एका गुरुजींनी मागल्या वर्षांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला. चाचांनी त्या कापल्या. कत्तलच्या राती दिवा लागला आणि जाळीच्या कडेकडेने लाल शाईतले मार्क दिसू लागले. पोट्टी सगळी ताबुताभोवती, हुसेनांची आठवण राहिली बाजूला, प्रत्येक जण आपला आकडा शोधतोय. माझे वडील त्यांतले एक. भूगोलात पस्तीसपैकी अकरा असलेला त्यांचा कागद दुसऱ्या मजल्याच्या मेहरपीत होता, आणि तो सगळ्या गावाने वाचला. थंडा करायला नदीवर गेले तर खडकपूर्णेत पाणी नाही. वाळूत झिरा खोदला, त्यात लागलेलं पाणी तांब्यात घेऊन ताबुतावर शिंपडलं आणि कागद त्याच खड्ड्यात पुरला. त्या उन्हाळ्यात गावातली कितीतरी घरं कुलपं लावून निघाली. कुणी मुंबईला, कुणी सुरतेला, कुणी नुसतंच ‘रस्त्याच्या कामावर’. त्यांपैकी बरीचशी परत आली नाहीत.

गावाबाहेर गेलेल्यांनी ही कात्री सोबत नेली का, असं मी पुष्कळांना विचारलं. नीट उत्तर मिळालं ते अगदी दूरच्या लोकांकडून, तेही छापील पानांत. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर १८४५ साली फतेल रझाक नावाच्या जहाजातून हिंदुस्थानी गिरमिटिये उतरले. उसाच्या मळ्यांत राबायला नेलेली ही माणसं, त्यात हिंदूच जास्त. त्यांनी तिथे बांबू कापला, कागद कापला आणि मोहरमला ताजिये उभे केले. तिकडे या सणाला होसे म्हणतात. मळ्यामळ्यांचे ताजिये एकत्र निघत आणि एकमेकांची भाषा न समजणारे मजूर त्याखाली एकत्र चालत. सरकारला ती गर्दी नको होती. १८८४ मध्ये मिरवणुकांना शहरात बंदी घातली गेली, आणि ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान सोळा माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. कागदाचा डोलारा खांद्यावर घेतलेली माणसं. आजही पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात ताजिये निघतात, रस्त्यावर सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि शेवटी ते समुद्रात सोडतात. दीड-पावणेदोनशे वर्षांत घरची भाषा गेली, घड्या घालायची रीत राहिली. गाठोड्यात जड काही नेता येत नाही. कापायचा कागद जिथे जाल तिथे मिळतो.

हल्ली शहरांच्या कलादालनांत कापलेल्या कागदाची शिल्पं दिसतात. छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारे पांढरे ताव, त्यांत कोरलेली दारं, खिडक्या, नकाशे, बाजूला स्मृती, ओळख, स्थलांतर असे शब्द लिहिलेली पाटी. मुंबईच्या एका दालनात असं काम पाहताना पहारेकऱ्याने मला दोनदा मागे सरकवलं. या कामांना नाव ठेवायचं नाही. अमेरिकेतल्या कॅरा वॉकर यांनी १९९४ पासून काळ्या कागदाच्या माणसाएवढ्या आकृती कापून भिंतीवर चिकटवल्या आणि गुलामगिरीचा सगळा किळसवाणा इतिहास गोऱ्या भिंतीवर आणून ठेवला. अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेल्या झरीना हाशमींनी हातकागदाला सुया टोचून, कापून, छापून आयुष्यभर एकच विषय काढला : घर. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब पुढे कराचीला गेलं, त्या स्वतः देशोदेशी राहिल्या, २०२० साली लंडनला वारल्या. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही १९९९ ची त्यांची छत्तीस चित्रांची मालिका मी फक्त पुस्तकात पाहिली आहे, आणि त्यातल्या दोन-चार रेषांच्या उंबरठ्यासमोर मला चाचांचा तिसरा मजला आठवला.

पण एक फरक मला बोचतो. दालनातला कागद टिकवायचा असतो. काच, ठरावीक प्रकाश, विमा. तो कापला त्याच क्षणी आबांच्या लोखंडी पेटीत गेला. चाचांचा कागद संपवायचा असे, म्हणून पुढच्या वर्षी कुणाला तरी पुन्हा छिन्नी धरावी लागे आणि ती धरता यावी म्हणून कुणाला तरी शिकवावं लागे. आठवण टिकवायची ही रीत मला जास्त भरवशाची वाटते. तिला एकच गोष्ट लागते : दरसाल माणसं गावात हवीत.

आणि आमच्याकडे घोडं तिथेच अडलं. लोणार, सिंदखेडराजा भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता पश्चिमेकडे जातो तो पाडव्याच्या आसपास परततो. मोहरम चांद्र महिना, दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २००३ मध्ये त्याचा दहावा दिवस मार्चात होता. तिथून तो फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर असा सरकत २०१३ साली नोव्हेंबरात आला. म्हणजे ही सगळी वर्षं ताबूत बरोबर गाळपाच्या हंगामात. गावात उरलेली म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. खांदा द्यायला माणसं पुरेनात. आधी तिनाचे दोन मजले झाले, मग एक, मग आबा गेले आणि आमचा ओटा रिकामा राहिला. आमच्या गावचा ताबूत बंद पडायला कुणी धर्माचं भांडण कारण सांगतात, कुणी टीव्ही. मी तारखा लावून पाहिल्या आहेत. माझ्या मते तो उसाने बंद पाडला.

चाचांचा थोरला मुलगा त्याच काळात एका टोळीबरोबर दोन हंगाम गेला होता. तो सांगतो, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्यांत मोहरम आला तेव्हा त्यांनी लग्नपत्रिका आणि खताच्या गोणीतला आतला कागद कापून हातभर उंचीचा ताबूत केला होता. उसाच्या कांड्यांचा सांगाडा. बीडकडच्या, जळगावकडच्या टोळ्यांतल्या बायका येऊन नारळ ठेवून गेल्या. दहाव्या दिवशी पाटाच्या पाण्यात सोडला आणि लगेच फडात गेले, कारण ट्रॅक्टर भरायचा होता.

आता मोहरम पुन्हा पावसाळ्याच्या तोंडाशी आला आहे. माणसं गावात असतात, पण कापणारे हात थोडे. मधल्या काळात थर्माकोल आला. आजी असती तर तिने त्याला पाहून नाक मुरडलं असतं. एका साच्यातली शंभर कमळं, कुठलं मखर कुणाचं ते ओळखू येत नाही. २०१८ च्या मार्चात महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि बाजारात पुठ्ठ्याची, कागदाची मखरं परत दिसू लागली. ती यंत्राने कापलेली असतात. कोन चोख, कडा भाजलेल्या, वास जळक्या लाकडाचा. स्वस्त आहेत, घडी घालून पुढच्या वर्षी वापरता येतात.

चाचांच्या छिन्न्या त्यांच्या मुलाकडे आहेत. तो जालन्याला एका कारखान्यात रात्रपाळी करतो. मी मागे लागले म्हणून गेल्या पोळ्याला त्याने माझ्या पुतण्याला आठ ताव काट्याने टोचून धरायला शिकवलं. पुतण्याने व्हिडिओ काढायला फोन उचलला तेव्हा त्याने तो बाजूला ठेवायला लावला.

तुमच्या गावात बाशिंग, झालर, मखर, डोला असं काही हाताने कापणारं कुणी असेल तर या वर्षी त्याला चांगले पैसे देऊन एक काम सांगा. आणि घरातलं एखादं पोर दोन दिवस त्याच्या हाताखाली बसवा.